गुऱ्हाळावरचे गार इंजिन

“मग दोष कशात हाय म्हणतोस?” सिद्राम वस्तादांनी विचारले.

हौसाक्कांच्या गुऱ्हाळावरचे डिझेल इंजिन वस्तादांचा धाकटा शिष्य आनंदा याने जुळवले, तेव्हा दुकानातले दुसरे कोणी तिथे नव्हते. थोरला शिष्य तायाप्पाही नव्हता. तरीही उत्तर देताना तायाप्पा अडखळला नाही.

“पिस्टनच्या रिंगात. आनंदानं रिंगा नीट बसवल्या न्हाईत. इंजिन दाब धरत न्हाई, म्हणून तापत न्हाई. दोन तास चालवलं तरी गारच. पांढरा धूर, ठोके, आन् डिझेल पितंय नुसतं.”

लक्षणे खरी होती. निदान खरे नव्हते, आणि हे तायाप्पाला ठाऊक होते.

भोगावतीकाठच्या त्या गावात इंजिनदुरुस्तीचे दुकान एकच, वस्तादांचे. गुडघे थकल्यामुळे संक्रांतीनंतर ते एका शिष्याच्या हवाली करणार, असे त्यांनी दिवाळीतच सांगून ठेवले होते. कोणाच्या, ते सांगितले नव्हते. तायाप्पा त्यांच्याकडे तेरा वर्षे होता, आनंदा तीन.

दिवाळीपासून तायाप्पाचे लक्ष कामात कमी आणि वस्तादांच्या चेहऱ्यावर अधिक असे. आनंदाच्या कोणत्या विनोदावर ते हसले... जेवताना ठेचा आधी कोणाकडे सरकवला... वाकताना कोणाच्या खांद्यावर हात ठेवला... यांतले काहीही त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि नजरेत आलेले काहीही पोटात पचत नसे.

अशा इंजिनाला उंचावरच्या टाकीतून पाणी येते. ते इंजिनाच्या पोटातली उष्णता घेऊन दुसऱ्या नळीने पाटात पडते. वाटेत एक कॉक असतो. पाणी किती सोडायचे, ते त्यावर ठरते. पाण्याला हात लावल्याशिवाय इंजिनाला पाना लावायचा नाही, हा वस्तादांकडचा पहिला धडा. बाहेर पडणारे पाणी हाताला सोसेल इतपत गरम असले पाहिजे.

त्या सकाळी गुऱ्हाळावर तायाप्पाने सवयीने पडत्या पाण्याखाली हात धरला होता. विहिरीतून उपसल्यासारखे गार पाणी. कॉक पूर्ण उघडा होता. इंजिनात तयार होणारी सगळी ऊब पाण्याबरोबर पाटाने वाहून जात होती.

त्याने हात पँटला पुसला, कॉक होता तसाच राहू दिला आणि तो दुकानात परतला.

“पाणी?” वस्तादांनी विचारले.

“...बघायचं ऱ्हायलं.”

वस्ताद काठी टेकत उठले.

“बरं. तेरा वर्सं झाली तुला. तू म्हणतोस तर रिंगाच. चल, खोल इंजिन.”

गुऱ्हाळावर हौसाक्का वाटच पाहत होत्या.

“वस्ताद, तोडलेला ऊस वाळाय लागला. चरकाला जोर न्हाई, त्यामुळं काल निम्मा रस आंबला. आन् ह्यो आमचा गुळव्या चुलवाणापाशी बसून जावयावानी चहा मागतोय!”

“आज खोलायचं ठरलंय, आक्का. दिवस जाईल.”

“आनखी एक दिवस?”

“तायाप्पा म्हणतोय.”

आनंदा मागून आला होता. “वस्ताद, मी एकदा बघू?”

“तू न्हाई.”

आनंदा तायाप्पाकडे वळला. “दादा, माझं चुकलं आसंल तर दावा मला. फुडच्या टायमाला ध्यानात ठेवीन.”

शिवी परवडली असती. ही नम्रता तायाप्पाला मिरचीसारखी झोंबली.

त्याने इंजिन बंद केले आणि पाना लावला. वस्ताद उसाच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसले.

पहिला नट सुटला. दुसरा सुटला. तिसरा...

प्रत्येक नट सारख्याच ताणाने आवळलेला होता. ना कमी, ना अधिक. पान्याची ही ओढ तायाप्पाच्या ओळखीची होती. ती त्यानेच आनंदाला शिकवली होती, पहिल्या वर्षी, मनगट धरून.

चौथ्या नटावर त्याचा हात थांबला.

“काय झालं?” हौसाक्कांनी विचारले.

तायाप्पाने सुटलेले नट पुन्हा आवळले. मग कॉकपाशी जाऊन त्याने तो चतकोर उघडा राहील इतपत बंद केला. इंजिन सुरू केले.

धूर आधी पांढरा होता... मग विरळ झाला... मग दिसेनासा झाला. ठोके थांबले. अर्ध्या तासात चरकाला असा जोर आला की हौसाक्का स्वतःच उसाच्या मोळ्या ओढू लागल्या.

वस्तादांनी पडत्या पाण्याखाली हात धरला. दुसऱ्या हाताने तायाप्पाचे मनगट धरून त्याचाही हात शेजारी आणला. पाणी गरम होते.

“कॉक कुणी उघडला हुता पर?” हौसाक्का म्हणाल्या. “म्या न्हाई बाई. मी त्या यंत्राच्या वाऱ्याला उभी ऱ्हात न्हाई.”

“मी चतकोरच ठेवला हुता,” आनंदा म्हणाला.

गुळव्याने मान हलवली. त्याचा संबंध गूळ आटवायच्या काहिलीशी होता, इंजिनाशी नाही.

मग सगळ्यांनी तायाप्पाकडे पाहिले.

“मी सकाळी आलो तवा उघडाच हुता,” तो म्हणाला.

हे खरे होते. पण ‘बघायचं ऱ्हायलं’ असे त्याच तोंडाने तासाभरापूर्वी वस्तादांना सांगितले होते, आणि दोन्ही वाक्यांचा आवाज सारखाच होता. त्या दोहोंतले खरे निवडण्याचे कोणतेही साधन वस्तादांपाशी नव्हते. तायाप्पाला हे त्यांच्या आधी कळले.

तो वस्तादांपुढे खाली बसला.

“मला म्हाईत हुतं, वस्ताद. हात लावला हुता मी पाण्याला. दुकान आनंदाला द्या, माझं काय म्हणणं न्हाई... पर कॉक मी उघडला न्हाई. एवढं तरी माना.”

वस्तादांचा हात अजून पाण्याखालीच होता.

“कॉक कुणी उघडला त्ये इंजिनाला कळत न्हाई, तायाप्पा. त्येला गारठा तेवढा कळतो, आन् त्यो तू बघूनबी तसाच ऱ्हाऊ दिलास.”