विटेवर वाळलेला गाठोड्या

फार जुनी गोष्ट, पण गळके नळ तेव्हाही होतेच. तसल्याच एका नळाखालच्या शेवाळात डोळ्यांना न दिसणारे दोन किडे राहायचे. त्यातली भिंगरी एकदा म्हणाली, "गाठोड्या, हिंमत असेल तर आठ दिवस कोरड्या विटेवर बसून दाखव!"

"हॅट, त्यात काय!" म्हणत येडा खरंच जाऊन बसला.

संध्याकाळपर्यंत तो आक्रसून धुळीचा कण झाला. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. भिंगरीची तंतरली. जन्मभर ओल्यात राहिलेली ती, तिला वाटलं मेला! त्याच्या आईला तिनं थाप मारली, "काकू, तो गावाला गेलाय."

काकू रोज त्याच्यासाठी एक थेंब झाकून ठेवायची. "आज येईल गं." असे तीन महिने गेले. भिंगरीला खेळच सुचेना, सारखं विटेकडेच लक्ष.

शेवटी ती काकूला तिथं घेऊन गेली. "काकू, हा बघा. मेला."

"मेला नाही गं, वाळलाय! पूर्वी नळ बंद पडला की आम्ही सगळे असेच वाळायचो." काकूनं घरून झाकलेला थेंब आणून त्याच्यावर ओतला.

गाठोड्या हळूहळू फुगला. "झाले का आठ दिवस? जिंकलो ना?"

"तीन महिने झाले रे," भिंगरी रडत म्हणाली. "पैज मीच लावली, आणि गप्पही मीच बसले."