दोन लाखांचा धीर

एकदा एक तरुण आई पोहायला शिकत होती. हौस म्हणून नव्हे. तिला तीन वर्षांची मुलगी होती, गावाला नदी होती, आणि ‘मुलगी पाण्यात पडली तर?’ हा प्रश्न तिच्या मनात होता. अशा ‘तर?’ने संपणाऱ्या प्रश्नांचा तिच्याकडे मोठा साठा होता. तिला हसू नये. तसा साठा पुष्कळ घरांत असतो. आमच्याकडे तर माळ्यावरही जागा उरलेली नाही.

तिला शिकवणारे वस्ताद वृद्ध होते. गावाबाहेरच्या एका मळ्यातील पायऱ्यांच्या विहिरीत त्यांनी दोन पिढ्या तरंगत्या केल्या होत्या. सकाळी सातला बायकांची वेळ असे. नवशिक्या बाईच्या पाठीला पत्र्याचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा बांधायचा आणि जसजसा दम वाढेल तसतसा डबा लहान करीत जायचा, ही त्यांची रीत. ही तरुण आई आता लहान डब्यावर आली होती. धापा टाकत का होईना, पायरीपर्यंत परत येत होती.

एके सकाळी मात्र ती पाण्यात उतरेना. पायरीवर बसून मोबाइलकडे पाहत राहिली.

“काय पोरी, डब्याला भोक पडलं की काय?” वस्तादांनी विचारले.

“नाही हो. बँकेचा निरोप आलाय. दोन लाखांचं क्रेडिट कार्ड म्हणे पूर्वमंजूर आहे माझ्यासाठी. मी मागितलंही नव्हतं. कागद नकोत, जामीन नको. नुसतं ‘हो’वर बोट ठेवायचं. मुदत आज संध्याकाळपर्यंत. तीन दिवस मी बोट नेतेय आणि मागे घेतेय.”

“अगं, मग ठेव की एकदाचं!” इंदुमतीकाकू म्हणाल्या. या पंचावन्न वर्षांच्या विद्यार्थिनी पाण्यापेक्षा काठावर अधिक रमत. आत्ताही तरुण आईच्या मुलीला मांडीवर घेऊन त्या शेंगा सोलत होत्या. “आम्हाला मेलं न मागता कुणी चहासुद्धा देत नाही.”

वस्तादांनी हात वर करून त्यांना थांबवले. “घ्यावंसं कशासाठी वाटतं?”

तरुण आईने मुलीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “मागं हिला तापात आकडी आली होती. हे परगावी. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं वीस हजार भरा म्हणून सांगितलं. खात्यात सात होते. डोळे पांढरे झालेलं लेकरू खांद्यावर घेऊन मी त्या खिडकीशी उभी होते, वस्ताद. शेजारचे दादा धावत आले, त्यांनी भरले. पण पुन्हा तसं झालं आणि शेजारचे घरी नसले तर?”

काकूंनी सोललेले दाणे मुलीच्या हातावर ठेवले.

“कारण खरं आहे,” वस्ताद म्हणाले. “आता दुसरं सांग. या तीन दिवसांत त्या दोन लाखांचं काय काय घेतलंस?”

“काहीच नाही. अजून ‘हो’ कुठं म्हटलंय?”

“मनात गं.”

ती ओशाळली. “कपडे धुवायचं मशीन. एक कपाट. हिला सायकल… आणि माहेरी सगळ्यांना साड्या.”

“सगळ्यांना?” काकू म्हणाल्या. “आणि आम्ही काय घोडं मारलंय?”

वस्ताद मात्र हसले नाहीत. उठून मोटारीच्या खोलीत गेले आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची भली थोरली ट्यूब घेऊन आले. ती पाण्यात टाकली, तरुण आईच्या पाठीचा डबा सोडून घेतला आणि म्हणाले, “बस हिच्यात.”

“डब्याशिवाय?”

“हिच्यात बसल्यावर डबा कशाला लागतोय?”

ती बिचकत बसली. वस्तादांनी पायाने ट्यूब लोटली आणि ती संथपणे विहिरीच्या मधोमध जाऊन थांबली. अंग फारसे भिजत नव्हते, दम लागत नव्हता. इतक्या दिवसांत प्रथमच तिला पाण्याची भीती वाटली नाही.

“राणीसारखी दिसतेस हो!” काकू ओरडल्या.

“कसं वाटतंय?” वस्तादांनी विचारले.

“छान वाटतंय!”

“मग ये परत.”

तिने हात खाली सोडले. ट्यूब इतकी जाड की पाण्याला जेमतेम बोटांची टोके लागत. तिने जोर केला तशी ट्यूब जागच्या जागी फिरली. पायरी पाठीमागे गेली, पुन्हा समोर आली, पुन्हा पाठीमागे गेली. इतक्यात काठावरच्या मुलीला आईकडे जायचे आठवले. ती काकूंच्या मांडीवरून उतरू लागली.

“काकू, धरा तिला!”

“धरलीय गं, धरलीय!”

मुलीने भोकाड पसरले. “आई, ये!” आई दोन्ही हातांनी पाणी खरवडत होती आणि गरगर फिरत होती. उडी मारावी तर पाठीला डबा नव्हता. “वस्ताद! दोर टाका!”

वस्तादांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग दोर टाकला.

पायरीवर येताच तिने मुलीला छातीशी धरले आणि ती संतापाने म्हणाली, “ही कसली थट्टा?”

“बुडालीस का?”

“नाही.”

“परत येता आलं?”

तिने ट्यूबकडे पाहिले.

“पोरी, बुडवणाऱ्या पाण्याला माणूस भितो, म्हणून सावध राहतो. ही ट्यूब बुडवत नाही. मधोमध नेऊन सुखात ठेवते. मी परत बोलवेपर्यंत तुला कळलंसुद्धा नाही की हात पाण्याला लागत नाहीत. तुझा डबा मी तुझा दम बघून निवडला होता. ही ट्यूब कुणाच्या मापाची?”

“ट्रॅक्टरच्या,” काकू पुटपुटल्या.

“मग कार्ड वाईट म्हणायचं?” तरुण आईने विचारले.

“ट्यूब कुठं वाईट आहे? पुरात हिच्यावर चार माणसं बसवून काढली आहेत मी. तुझी भीती वीस हजारांची. बँकेनं धीर दिला दोन लाखांचा. वरच्या एक लाख ऐंशी हजारांत काय भरलं? कपाट, सायकल, साड्या. तू किती वेळ तरंगशील याचा अंदाज त्यांना असेल. परत किती लांबून येशील, ते तुझे हात सांगतील. हातांना विचारलंस का?”

तिने मनातल्या मनात घरी घेत असलेल्या शिकवण्यांची मिळकत धरली, घरभाडे वजा केले. “वीस हजार मी दहा महिन्यांत फेडीन. त्याहून जास्त नाही.”

“मग तुझं माप तुला कळलं,” वस्ताद म्हणाले आणि ट्यूब निथळत ठेवायला गेले.

दुपारी तिने बँकेच्या क्रमांकावर फोन लावला.

“अभिनंदन मॅडम! आपल्याला दोन लाख मंजूर आहेत.”

“मला वीस हजारांचंच हवं होतं.”

पलीकडची मुलगी घोटाळली. “मॅडम, पुढं वाढवून मिळतं…”

“कमी करून मिळतं का?”

“थांबा हं, सरांना विचारते.” थोड्या वेळाने ती परतली. “पन्नास हजारांच्या खाली होत नाही म्हणतात. पण मॅडम, वापरलं नाही तर—”

तरुण आईला ते कपाट आठवले. न घेतलेल्या कार्डावर ते तीन दिवसांत घरात येऊन भिंतीला लागले होते, आतले कप्पेसुद्धा तिने ठरवले होते.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “माझं मला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन ती पोस्टात गेली आणि दरमहा दोन हजार टाकायला बचत खाते उघडून आली. दहा महिन्यांनी वीस होतील. दहा महिने हे फार लांब आहेत, आणि आकडी काही दिनदर्शिका पाहून येत नाही, हे तिला पुरते कळत होते. म्हणून संध्याकाळी ती शेजारच्या दादांकडेही गेली आणि संकोच गिळून म्हणाली, “तोवर काही झालं, तर तुमचं दार वाजवीन हं.”

“त्यात विचारायचं काय?” दादा म्हणाले.

ती त्या रात्री निर्धास्त झोपली असे सांगता आले असते. पण ते खरे नाही. भीती होतीच. आता मात्र ती वीस हजारांएवढी होती, आणि तेवढ्या भीतीला तिचे हात पुरत होते.