अस्वलिणीच्या पिल्लांचे लंगोट

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात खडकांच्या कपारीत एक अस्वलीण राहायची. त्या वर्षी ऐन थंडीत तिला दोन पिल्ले झाली. थोरली मुलगी होती आणि धाकटा मुलगा. थोरली शांत होती. धाकटा मात्र सतत काहीतरी तोंडात घालायचा, मग तो दगड असो की बहिणीचा कान.

अस्वलीण आपल्या पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? खाली सोडले तर बिबट्याची भीती, कपारीत ठेवून जावे तर आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून आपल्या अस्वलिणीनेही पिल्ले पाठीवर घेतली. तिचे केस लांब आणि दाट होते. पिल्ले ते मुठीत धरून ऐटीत बसायची. पण बाळेच ती! दिवसातून दहा वेळा आईची पाठ ओली व्हायची. केसांत माती चिकटायची, पहाटेच्या गारठ्यात पाठ काकडून जायची. पुढे पुढे तर तिथली कातडी लाल झाली आणि चुरचुरू लागली. एकदा ओल्या केसांवरून थोरलीचा हात निसटला आणि ती धप्पकन खाली पडली. फार लागले नाही, पण अस्वलिणीच्या छातीत धस्स झाले.

तिची अडचण एका माकडिणीने पाहिली. माकडीण स्वभावाने चांगली होती, फक्त जरा उतावळी होती. जंगलाच्या कडेला सडक होती आणि सडकेपलीकडे माणसांचे तंबू पडलेले असायचे. तिथे एका गाडीची मागची झडप उघडी दिसली. माकडिणीने आतला एक मोठा गठ्ठा उचलला आणि थेट कपारीत आणून टाकला. त्यात पांढरे, फुगीर लंगोट होते. माणसांच्या आया बाळांना हेच घालतात, असे तिने सांगितले. घालायचे, भिजले की फेकायचे आणि नवा घ्यायचा. धुणे नाही की वाळवणे नाही.

अस्वलिणीने दोन्ही पिल्लांना एकेक लंगोट बांधला आणि त्यांना पाठीवर घेऊन दुपारपर्यंत हिंडली. पाठ कोरडीच्या कोरडी राहिली. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर वाळवी खाल्ली आणि पिल्लांनाही पोटभर दूध मिळाले. माकडिणीचे आभार कसे मानावेत, हे तिला कळेना. तिने मधाचे अख्खे पोळे तिच्या पुढ्यात ठेवले.

माकडीण मग अधूनमधून असे गठ्ठे आणू लागली. भिजलेले लंगोट टाकायला अस्वलिणीने कपारीमागची एक अरुंद घळ शोधली. तिथे कोणी येत नसे. वरून पालापाचोळा लोटला की काही दिसतही नसे. त्या घळीच्या तळाशी पाण्याची एक बारीक धार होती, आणि तीच पुढे खाली जाऊन झरा होत होती. पण घळीत इतके खोल डोकावायची अस्वलिणीला कधी गरजच पडली नव्हती.

उन्हाळा चढला. आजूबाजूची डबकी आटली. आता त्या भागात पाणी उरले ते फक्त झऱ्यात. तोही दिवसेंदिवस बारीक होत गेला. सगळे म्हणत, यंदा ऊनच कडक आहे. अस्वलीणही तसेच म्हणायची.

एके दिवशी भल्या पहाटे ती पाणी प्यायला आली, तेव्हा झऱ्याच्या काठी कोणीतरी बसलेले होते. ती खवली होती. अंगभर खवले असलेले, मुंग्या आणि वाळवी खाणारे खवले मांजर तुम्ही चित्रात पाहिले असेल. ही त्यातलीच, म्हणून सगळे तिला खवली म्हणायचे. तिला दिवस गेले होते आणि पोट जड झाल्यामुळे तिला चालवत नव्हते. अस्वलिणीला पाहताच तिने घाबरून अंगाचा चेंडू केला.

"भिऊ नकोस, मी पाण्याला आले आहे," अस्वलीण म्हणाली.

खवलीने हळूच तोंड बाहेर काढले. झऱ्यात पाणीच नव्हते. नुसती ओली वाळू होती. तीच चाटत ती दोन दिवस इथे बसून होती. नदी डोंगरापलीकडे, आणि तेवढे अंतर काही आपल्याने कापवणार नाही, असे ती म्हणाली. ती रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. जे आहे ते सांगत होती. म्हणून तर अस्वलिणीला जास्तच वाईट वाटले.

खवलीचे नाक मोठे तिखट होते. वरच्या बाजूने कसलातरी वास येतो आहे, असे तिने सांगितले. हा वास जंगलातला नव्हे. दोघी वासाच्या मागाने निघाल्या. खवली चार पावले चालायची आणि थांबायची, तिच्याबरोबर अस्वलीणही थांबायची. असे करत करत त्या घळीपाशी पोचल्या. अस्वलिणीने पंजाने पाचोळा बाजूला केला.

खाली तिचेच लंगोट होते. टाकताना मुठीएवढे असलेले ते लंगोट पाणी पिऊन भोपळ्याएवढे झाले होते आणि घळीच्या तोंडाशी एकमेकांवर घट्ट रुतून बसले होते. पाण्याची धार त्यांनी अडवली होती, आणि जी झिरपत होती तीही तेच पीत होते.

"हे तुझ्या बाळांचे आहेत का गं?" खवलीने विचारले.

माकडिणीचे नाव पुढे करणे सोपे होते. अस्वलिणीच्या ते ओठांवर आलेसुद्धा. पण खवलीच्या सुकलेल्या जिभेकडे तिने पाहिले आणि मान खाली घातली.

"हो. माझ्याच बाळांचे आहेत, आणि मीच टाकले आहेत," ती म्हणाली.

तिने पिल्लांना खवलीजवळ बसवले आणि स्वतः घळीत उतरली. नखांनी धरून एकेक लंगोट ती वर ओढू लागली. ते इतके जड झाले होते की काही मध्येच फाटत आणि त्यांतून पारदर्शक, बुळबुळीत गोळे बाहेर पडत. त्यातला एक गोळा घरंगळत धाकट्यापाशी गेला. धाकट्याने तो उचलून तोंडात घातला.

खवली ओरडली. अस्वलीण दोन उड्यांत वर आली. धाकट्याचे डोळे पांढरे झाले होते, त्याला श्वास घेता येत नव्हता. तिने त्याला पालथे धरले, पाठीवर थोपटले, तोंडात नख घालून गोळा बाहेर ओढला. धाकटा खोकला आणि मग जो रडायला लागला, तो थांबेचना. अस्वलिणीने त्याला पोटाशी धरले. त्या दिवशीचे त्याचे ते रडणे तिला फार गोड वाटले.

दिवस कलेपर्यंत घळ मोकळी झाली. धार सुटली, थोड्या वेळाने झऱ्याच्या वाळूत पाणी साचले, आणि पहिले पाणी खवली प्यायली. बाकीचे प्राणी तोवर बाजूला उभे राहिले होते.

आता प्रश्न होता, त्या ढिगाऱ्याचे करायचे काय? शेणकिड्याला बोलावले. जंगलातली घाण हा हा म्हणता गुंडाळून नेणारा तो, पण त्याने भोवती एक फेरी मारली आणि हे आपल्या कामाचे नाही म्हणून निघून गेला. वाळवीने तोंड लावले नाही. पुरून ठेवावे, तर कितीही वर्षांनी उकरले तरी हे असेच राहील, असे जाणते प्राणी म्हणाले. तेवढ्यात माकडीण आली. घडलेले ऐकून तिने आपल्या कळपाला हाक मारली. ज्यांच्याकडून आणले त्यांच्याच कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकू, असे तिने ठरवले आणि दोन दिवस खेपा घालून तिने ते सगळे सडकेपलीकडे पोचवले.

अस्वलिणीची पाठ पुन्हा ओली होऊ लागली. हे सगळे कुड्याच्या झुडपावरून एक शिंपीण पाहत होती. शिंपीण म्हणजे पाने शिवून घरटे करणारी चिमुकली पक्षीण. अस्वलिणीच्या एका पंजात तिच्यासारख्या पाच मावल्या असत्या. पण शिवणकामात तिचा हात धरणारे जंगलात कोणी नव्हते. मध काढायला आलेल्या माणसांचा एक जुना पंचा करवंदीच्या जाळीत अडकून पडला होता. तिने अस्वलिणीला तो काढायला लावला, दातांनी फाडून तुकडे करायला लावले आणि चोचीने शिवून त्यांचे लंगोट केले. प्रत्येक लंगोटाला आतून एक खिसा ठेवला. भिजणारी घडी त्या खिशात घालायची. भिजली की घडी तेवढी काढायची, लंगोट धुऊन पुन्हा वापरायचा.

पण घडी कशाची करायची? आधी सावरीचा कापूस भरून पाहिला. तो दिसायला छान होता, पण पाणी त्याच्यावरून नुसते ओघळून गेले आणि अस्वलिणीची पाठ भिजली ती भिजलीच. मग वाळका पाला भरला. थोरलीला तो इतका टोचला की दिवसभर ती मागे हात लावून बसली. शेवटी शिंपिणीला खडकांवर वाळलेले शेवाळ आठवले. मऊ गवताच्या काड्यांत शेवाळाचा थर घालून तिने चपटी घडी केली. धाकट्याने त्यावर आपले काम चोख बजावले. अस्वलिणीने पाठ चाचपून पाहिली. ती कोरडी होती.

"जमलं," शिंपीण म्हणाली आणि पहिल्यांदाच फांदीवर निवांत बसली.

भिजलेल्या घड्यांसाठी झऱ्यापासून दूर एक खड्डा केला. घडी टाकली की वर मूठभर माती आणि पाला टाकायचा. तिथे मात्र शेणकिडा बोलावल्यावाचून आला आणि गांडुळेही आली. लंगोट धुवायचे तेही झऱ्यात नाही, तर एका खोलगट दगडात पाणी आणून. रिठ्याच्या फळांचा फेस करायचा, चोळायचे आणि उन्हात वाळत टाकायचे.

मुलांनो, हे काम सोपे नव्हते बरे. पाऊस सुरू झाला तसे लंगोट लवकर वाळेनात. त्यातच पिल्लांनी एकदा जांभळांवर ताव मारला आणि दोघांचीही पोटे बिघडली. दुपारपर्यंत सगळ्या घड्या संपल्या, सगळे लंगोट ओले. अस्वलीण खडकावर बसली आणि तिला रडूच कोसळले. माकडिणीकडे आधीचा एक पांढरा गठ्ठा शिल्लक होता. ती तो घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

अस्वलिणीने गठ्ठ्याकडे पाहिले, मग पाठीला बिलगलेल्या धाकट्याकडे पाहिले. "परत ने बाई," ती म्हणाली. "आज पाठ भिजली तर भिजू दे."

माकडिणीने गठ्ठा नेला. परत आली तेव्हा तिच्याबरोबर तिची तिन्ही पोरे होती आणि प्रत्येकाच्या हातात शेवाळ होते. कपारीत विस्तव कुठून असणार! पण अस्वलांच्या निजण्याने आतले दगड उबदार होते. त्यांवर शेवाळ पसरून सगळ्यांनी ते वाळवले. खवलीनेही लांबलचक जिभेने त्यातले किडे वेचून दिले. संध्याकाळी दोन्ही पिल्ले कोरडी होऊन झोपली. त्यानंतर शेवाळ गोळा करणे हे एकट्या अस्वलिणीचे काम राहिले नाही.

पाऊस संपत आला, तोवर खड्ड्यातल्या घड्यांची काळीभोर भुसभुशीत माती झाली होती. तिच्यातून जांभळाची इवली इवली रोपे डोके वर काढत होती. पिल्लांनी खाल्लेल्या जांभळांच्या बिया त्या! आता पिल्ले मोठी झाली होती. ती स्वतःच्या पायांनी आईच्या मागे पळायची आणि आडोशाला कुठे जायचे हे त्यांना कळू लागले होते. अस्वलिणीची पाठ रिकामी झाली. कधीकधी तिला ते बरे वाटायचे, कधीकधी मुळीच वाटायचे नाही.

एका सकाळी खवली आली. तिचे बाळ तिच्या शेपटीला घट्ट धरून बसले होते. गुलाबी नाकाचे, मऊ खवल्यांचे. शेपूट सारखी ओली राहते, असे ती लाजत लाजत म्हणाली आणि पुढे काय मागावे हे तिला सुचेना.

अस्वलिणीने आतून धुतलेले लंगोट आणले. शिंपिणीने ते बाळाच्या मापाचे करून दिले. खवलीने एक लंगोट हातात घेतला. त्याचा रंग उडाला होता, कडेला दोन ठिकाणी ठिगळे होती.

"नवा नाही हं," अस्वलीण जरा ओशाळून म्हणाली.

खवलीने तो गालाला लावून पाहिला. "म्हणून तर इतका मऊ आहे," ती म्हणाली, आणि बाळाला लंगोट बांधायला तिने तो अस्वलिणीच्याच हाती दिला.

तात्पर्य : आपल्या बाळाला कोरडे ठेवताना दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी नासवू नये, जे धुऊन पुन्हा वापरता येते ते जपावे, आणि मातीला तेच द्यावे जे तिला पचते.