साळिंदरबुवांची जुनी ढोलकी

जत्रा उठली की माणसं मोडकीतोडकी वाद्यं रानाच्या कडेला टाकून जात, त्या काळी साळिंदरबुवांना ती जमवायचा भारी नाद होता. हलगी, संबळ, डफ, जे सापडेल ते बुवा गुहेत आणत, उंदरांपासून राखत आणि पावसाळ्यात सादळलं की उन्हाला ठेवत. आपले काटे चामड्यात घुसू नयेत म्हणून स्वतःच्या गुहेत ते आडवे आडवे चालत. वाजवायला मात्र कुणाला देत नसत.

एकदा त्यांची सगळ्यात जुनी ढोलकी म्हणाली, “अहो बुवा, नुसतं बसून अंग आंबलं. कुणाची तरी थाप पडू द्या!”

बुवांनी कुरकुरत माकडाला बोलावलं. ठेका असा रंगला की बुवाही डोलायला लागले. तेवढ्यात माकडाची थाप जरा जोरात बसली आणि चामडं टर्रकन फाटलं.

बुवांचे काटे ताठ उभे राहिले. “गेली माझी जुनी ढोलकी!”

“गेली कुठं? इथंच तर आहे,” ढोलकी म्हणाली. “तुमच्याकडे आले तेव्हाही माझ्या अंगावर तिसरं चामडं होतं. तुमचे काटे गळून नवे येतात, म्हणून तुम्ही दुसरेच कुणी झालात होय?”

बुवांचे काटे हळूहळू खाली बसले. कोपऱ्यातल्या मोडक्या डफानं आपलं चामडं देऊ केलं. माकडानं ते ढोलकीवर ताणून धरलं, पण दोरी ओवायला भोकं कशानं पाडायची?

ज्या काट्यांना बुवांनी जन्मभर ढोलकीपासून दूर ठेवलं होतं, त्यातलाच एक त्यांनी “आई गं” म्हणत उपटला आणि माकडाच्या हातात दिला.