मधल्या कालव्याचा बांध

सांभाळून बसा, इथे होडी डुलणारच. पाचबेट शहराचे बाकीचे कालवे सरळ आहेत. हा मधला तेवढा वेडावाकडा, काठ तुटल्यासारखे. याचं पाणी घटकाभरही स्वस्थ नसतं.

असं सांगतात की, पूर्वी इथल्या खोताला बेटं जोडायची हौस आली. बैलगाडी थेट बंदरापर्यंत जावी म्हणून त्याने हा कालवा बुजवायला घेतला. बांध घातला की खचायचा. एकदा अशीच माती ढासळली आणि हरबा गवंडी तिच्याखाली गाडला गेला. त्याला काढायचं तर बांध उकरावा लागणार. खोताने उकरू दिला नाही. त्यानंतर मात्र बांध टिकला. लोक म्हणू लागले, हरबानेच तो तोलून धरलाय. त्याची बायको आवडाई तिथे रोज दिवा लावी. बांधावर कुणी वहाणा घालून चढलं तरी तिचा जीव कासावीस होई.

मग भाद्रपदातल्या अवसेचं उधाण आलं, वरून मुसळधार पाऊस. वाट बुजलेली, पाणी जाणार कुठे? ते वरच्या बेटावर कोळीवाड्यात शिरलं. दुपारपर्यंत माणसं कौलांवर चढली. बांधावर गडी कुदळी घेऊन उभे, पण घाव घालायला कुणी धजेना.

"हात लावाल तर हरबाचा शाप लागेल," खोत म्हणाला.

पलीकडून लेकरांचं रडणं ऐकू येत होतं. आवडाई म्हणे पुढे आली.

"शाप द्यायचा तर त्याने मला द्यावा. माझं माणूस तुम्ही कोंडलंत, तिकडची तरी कोंडू नका."

तिने एकाच्या हातातली कुदळ ओढून घेतली आणि पहिला घाव घातला. मग सगळेच तुटून पडले. बांध फुटला, कोळीवाडा वाचला. हरबा मात्र मातीबरोबर समुद्राला गेला. त्याचं हाडूकही सापडलं नाही. ती काठाकाठाने पाण्यामागे धावत राहिली, असं सांगतात.

आजही उधाणाआधी सगळं शहर इथला गाळ काढायला उतरतं. पहिला घाव नगराध्यक्षाचा नाही, विधवा बाईचा. तिची खणानारळाने ओटी भरून तिला वाजतगाजत आणतात. गेल्या वर्षी माझा मुलगा वारला. यंदा तो मान सुनेला आहे. विचारायला माणसं आली तेव्हा ती उठून आत निघून गेली. आज सकाळपासून मात्र कुदळीचा दांडा ठोकून बसवतेय.