उलटे ढकलणारे

फार वर्षांपूर्वी एका गायरानात शेणकिड्यांची वस्ती होती. डोकं जमिनीकडे आणि मागचे पाय गोळ्याला लावून उलटं ढकलायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे पुढची वाट कुणालाच दिसत नसे. ऊन तापून शेण वाळायच्या आत गोळा बिळात पोचला, तरच त्यात अंडी घालता येत. पण निम्मे गोळे चढावरच्या खडकावर आपटून फुटत.

बुटकी नावाची शेणकिडी म्हणाली, "मुकादमकाका, दहातला एक गोळा मला द्या. त्यावर मी नवे प्रयोग करून बघते."

"फोडायलाच ना? अगं, त्यासाठी आपला खडक आहे की!" मुकादम म्हणाला आणि सगळे खदखदा हसले.

तरी कटकट मिटावी म्हणून तो रोज दहातला एक गोळा तिला देऊ लागला. पहिला ओढ्यात गेला, दुसरा बैलाच्या खुराखाली.

"बुटके, एखादा बिळातही ने हं!" बाकीचे किडे चिडवत.

आठव्या दिवशी मात्र बुटकी आधी गोळ्यावर चढली, चहूकडे नजर फिरवली, मग खाली उतरून खडकाला वळसा घालत थेट बिळात पोचली.

दुसऱ्या दिवसापासून सगळेच आधी वर चढून पाहू लागले. आठवडाभर एकही गोळा फुटला नाही.

"वाट तर सापडली. आता दहावा गोळा कशाला वाया घालवायचा?" तरणे किडे म्हणाले.

मुकादमाने तो गोळा स्वतः बुटकीकडे ढकलला.

"गाय उद्या शेण कुठे टाकणार, हे तिनं तुम्हाला कळवलंय का रे?"