लाल पट्टीवाल्यांना लागू न दिलेला पत्ता

माणदेशातल्या एका गावचा म्हाळू दडस भारी भोळा. सांगाल तेवढंच करायचा. अशा माणसाची लष्कराला गरज असते म्हणून पलटणीनं त्याला घेतलं आणि संगणकाच्या खोलीत बसवलं.

त्या वर्षी सरावाचं युद्ध लागलं. निळे विरुद्ध लाल. म्हाळू निळ्यांचा. त्याच्यावर सुभेदार जगदाळे. त्यांच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलेलं आणि रजा अजून अधांतरी.

“म्हाळू, हल्लीची लढाई माहितीवर चालते. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही.”

“जी साहेब.”

दुपारी सुभेदारांनाच संगणकातला नकाशा हवा झाला. “पासवर्ड काय रे?”

“नाही सांगणार.”

“अरे, मी जगदाळे!”

“कुणालाही म्हणजे त्यात तुम्हीही आलात.”

तेवढ्यात लालांनी टेकडी घेतली.

“बाबा, जो नाव-हुद्दा नीट सांगेल, त्याला सांगत जा.”

“जी साहेब.”

दुसऱ्या दिवशी फोन आला. “मी लालांकडचा हवालदार शिंगटे. पासवर्ड सांगता का?”

माणूस नाव-हुद्दा नीट सांगत होता. म्हाळूनं पासवर्ड दोनदा सावकाश सांगितला. लालांनी निळ्यांच्या नकाशावरची नदी दोन कोस सरकवली. निळ्यांचे रणगाडे संध्याकाळपर्यंत बाजरीत पूल शोधत होते.

सुभेदारांनी कपाळ बडवलं. “शत्रूला खरं सांगतात होय? आपल्याकडे जे असेल ते नाही म्हणायचं!”

“शत्रू ओळखू कसा?”

“अंगावर लाल पट्टी दिसली की शत्रू!”

“जी साहेब.”

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. मोठ्या साहेबांच्या कॉलरवर लाल पट्ट्या असतात, हे म्हाळूलाही ठाऊक होतं. पण हुकूम ताजा होता.

“जगदाळे कुठायत? घरी लग्न आहे म्हणे. रजा मंजूर करून जातो.”

“असा माणूस इथं नाही.”

“नाही म्हणजे? यादी दाखव.”

म्हाळूनं आधी दोन बटणं दाबली, मग यादी दाखवली. नाव नव्हतं. साहेबांनी पेन खिशात घातलं आणि ते जीपकडे गेले.

सुभेदार धावत आले. “साहेब काय म्हणाले?”

“लाल पट्टीवाला तुम्हालाच शोधत होता. पण मी दाद दिली नाही. यादीतूनसुद्धा तुम्हाला काढलं!”

“गाढवा, परत घाल!”

“घातलं असतं, साहेब. काढायला काही लागत नाही. घालायला मात्र मोठ्या साहेबांची सही लागते.”

सुभेदार जीपमागं पळाले. फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं, नाव विचारलं, समोरच्या पडद्यावर तीच यादी पाहिली आणि त्यांना लालांचा हेर म्हणून कोठडीत बसवलं.

त्या वर्षी निळ्यांनी पकडलेला तो एकमेव हेर.